तान्ह्या मुलाचे डोळे आणि फ्लॅशचा प्रकाश

ब्रीत मिलाचा समारंभ असो, मुलीचे बारसे असो की एलियाहू हन्नाबीच्या नवसाचा मलिदा असो, आजकाल आमच्या घरच्या कार्यांत एक गोष्ट हमखास घडते. सांदाकच्या मांडीवरील उशीवर बालक ठेवले जाते न जाते तोच चहूबाजूंनी पाचपंचवीस हात उंचावतात आणि प्रत्येक हातात एक फोन असतो. क्षणभर वीज चमकावी तसा लखलखाट होतो. मग कोपऱ्यात बसलेली एखादी आजी पदर सावरीत उठते आणि म्हणते, “अरे, त्या पोराच्या डोळ्यांवर किती विजा पाडाल? आंधळे करायचे आहे का त्याला?” तरुण मंडळी हसतात, बाळाची आई मात्र हसत नाही. ती पटकन हाताने बाळाचे डोळे झाकते. त्या क्षणी तिच्या मनात जी शंका उभी राहते तिचे समाधान कोणी करीत नाही. आमच्या वाचक भगिनींनी हाच प्रश्न आमच्यापुढे पुनःपुन्हा मांडला आहे, म्हणून आज त्याचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

उत्तर प्रथमच सांगून टाकतो. नेहमीच्या कॅमेऱ्याच्या वा फोनच्या फ्लॅशने निरोगी, पूर्ण दिवसांच्या बालकाच्या डोळ्यांना इजा होते याला वैद्यकशास्त्रात कोणताही आधार नाही. पण एवढेच सांगून आम्ही थांबलो, तर या विषयातील खरी महत्त्वाची गोष्ट सांगायची राहून जाईल. फ्लॅशची भीती निराधार आहे खरी, परंतु ती निरुपद्रवी मात्र नाही. तिच्यामुळे काही घरांत एखाद्या गंभीर दुखण्याची पहिली खूण डोळ्यांआड होऊ शकते.

आधी या भीतीचे मूळ पाहू. ती अगदीच हवेतून आलेली नाही. १८८७ साली जर्मनीत आडोल्फ मिथे व योहानेस गाडिके यांनी मॅग्नेशियमची भुकटी असलेले एक मिश्रण तयार केले. ते पेटविले की डोळे दिपविणारा उजेड होई, भडका उडे, धूर कोंदे आणि छायाचित्रकाराचे हात वा भुवया पोळण्याचे प्रकारही घडत. अशा भडक्याजवळ तान्हे मूल नेऊ नये असे कोणा आजीला वाटले असेल तर तिचे काय चुकले? पुढे १९३० च्या सुमारास काचेच्या गोळ्यात बंद केलेला फ्लॅशचा दिवा बाजारात आला. एका छायाचित्रास एक दिवा, असा तो मामला असे. काम झाल्यावर तो इतका तापलेला असे की उघड्या हाताने काढणे कठीण. आज आपण वापरतो तो विजेचा फ्लॅश निराळा आहे. झेनॉन वायूच्या नळीतून विजेचा एक ठोका जातो आणि सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यात किंवा त्याहूनही कमी वेळात प्रकाश येऊन विझतोदेखील. त्यात ज्वाला नाही की धूर नाही. फोनमधील दिवा तर त्याहून पुष्कळ मंद असतो. तो किंचित अधिक वेळ पेटतो, एवढेच. भडक्याच्या काळातील सावधगिरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आणि भडका मात्र केव्हाच इतिहासजमा झाला!

या भीतीला दृष्ट लागण्याच्या कल्पनेनेही खतपाणी घातले असावे. कोकणातून आलेली आमची वडील मंडळी बाळाच्या गालावर काजळाची तीट लावीत, मीठमोहऱ्या ओवाळून टाकीत. इथे इस्राएलात आल्यावर ‘आयिन हारा’ म्हणत तीच समजूत नव्या भाषेत नांदू लागली. दहा जणांनी एकाच वेळी बाळाकडे रोखून पाहावे हेच मुळात आमच्या आज्यांना पसंत नसे, मग दहा यंत्रांनी रोखून पाहिलेले त्यांना कसे रुचावे? ही समजूत आम्ही येथे वादाला घेत नाही. शब्बाथच्या दिवशी ब्रीत आली की कॅमेरे आपोआप घरी राहतात आणि त्या दिवशी आजीबाई किती निर्धास्त दिसतात, एवढेच आम्ही पाहिले आहे.

आता प्रकाशाचा हिशेब. तो समजण्यास मोठ्या शास्त्राची गरज नाही, शाळेतील सातवी-आठवीच्या मुलालाही तो समजावून देता येतो. कॅमेऱ्याला चांगले छायाचित्र येण्यासाठी ठराविक प्रमाणात प्रकाश लागतो. तो फार झाला तर चित्र पांढरेफटक पडते, कमी झाला तर काळवंडते. आता एकाच कॅमेऱ्याने, त्याचे डोळ्याएवढे छिद्र तितकेच उघडे ठेवून, एकाच बालकाची दोन छायाचित्रे काढली असे समजा. एक दुपारच्या उन्हात, दुसरे रात्री घरात फ्लॅश लावून. दोन्ही सारखीच स्वच्छ आली, तर दोन्ही वेळा बालकाच्या चेहऱ्यावरून कॅमेऱ्यात शिरलेला एकूण प्रकाश सारखाच होता हे उघड आहे. उन्हातल्या छायाचित्रास वेळ किती लागतो? सेकंदाचा सव्वाशेवा किंवा अडीचशेवा भाग. म्हणजे फ्लॅशच्या एका चमकेत बाळाच्या चेहऱ्यावर जेवढा प्रकाश पडतो, तेवढा बेरशेबाच्या वा दिमोनाच्या रस्त्यावरून बाळाची गाडी ढकलीत नेताना एका सेकंदाच्या लहानशा अंशात पडून जातो. दुपारच्या लख्ख उन्हाची तीव्रता एक लाख लक्सच्या घरात असते आणि आपल्या बैठकीच्या खोलीतील रात्रीच्या उजेडाची दोन-तीनशे लक्स. फ्लॅश डोळ्यांत खुपतो तो मुख्यतः सभोवतालच्या अंधुक उजेडात तो एकाएकी येतो म्हणून.

यावर एखादा चौकस वाचक म्हणेल, “बाळ सूर्याकडे टक लावून पाहत नाही, पण फ्लॅशकडे तर पाहते!” आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर डोळ्यांच्या दवाखान्यातच मिळते. अपुऱ्या दिवसांची, सुमारे दीड किलोपेक्षा कमी वजनाची जी बालके जन्मतात त्यांच्या दृष्टिपटलाची तपासणी जन्मानंतर काही आठवड्यांनी सुरू होते आणि धोका टळेपर्यंत पुनःपुन्हा केली जाते. त्या वेळी औषधाचे थेंब घालून बाहुली मोठी करतात, पापण्या उघड्या धरून ठेवतात आणि डॉक्टर कपाळावरच्या दिव्याचा प्रखर झोत भिंगातून सरळ डोळ्याच्या तळाशी टाकतात. हे काम काही मिनिटे चालते. जगभर असंख्य नाजूक बालकांची अशी तपासणी झाली आहे आणि तिने असंख्य मुलांची दृष्टी वाचविली आहे. समारंभातला फ्लॅश या झोतापुढे काजव्यासारखाच.

प्रकाशाने अपुऱ्या दिवसांच्या मुलांचे डोळे बिघडतात की काय, ही शंका वैद्यांनाही एके काळी होती. १९४२ मध्ये बॉस्टनचे नेत्रवैद्य थिओडोर टेरी यांनी अशा मुलांना अंधत्व आणणाऱ्या एका विकाराचे वर्णन केले, तेव्हा संशयितांच्या यादीत प्रकाशाचेही नाव होते. पुढे १९५० नंतरच्या दशकात खरा अपराधी सापडला. काचेच्या पेटीत मुलांना बेसुमार दिला जाणारा प्राणवायू हे त्या अंधत्वाच्या साथीचे मुख्य कारण ठरले. प्रकाशावरील संशय तरीही पुरता फिटला नव्हता. म्हणून अमेरिकेत चारशेहून अधिक अपुऱ्या दिवसांच्या बालकांवर एक मोठी चाचणी झाली. निम्म्या बालकांच्या डोळ्यांवर बहुतेक सर्व उजेड अडविणारे चष्मे घातले, उरलेल्यांना नेहमीच्या उजेडात ठेवले. १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा की दोन्ही गटांत विकाराचे प्रमाण जवळजवळ सारखेच होते. अपुऱ्या दिवसांच्या इवल्याशा जिवांच्या बाबतीत जर आठवडेच्या आठवडे उजेड अडवूनही फरक पडला नाही, तर सुदृढ मुलाच्या बाबतीत एका चमकेचे भय कशाला बाळगावे?

“मग काविळीच्या बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवताना त्याचे डोळे का बांधतात?” हाही प्रश्न नेहमी येतो. ही उपचारपद्धती इंग्लंडमधील रॉचफर्डच्या रुग्णालयात उदयास आली आणि १९५८ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध झाली. तेथे बाळ तासन्‌तास, प्रसंगी दोन-तीन दिवस, प्रखर निळ्या प्रकाशात असते. डोळे झाकतात ते या दीर्घ काळामुळे. प्रकाशाची इजा ही तीव्रता आणि वेळ या दोहोंवर अवलंबून असते, जशी चुलीच्या धगीची. तव्यावरून बोट झटकन फिरविणे वेगळे आणि तव्यावर हात ठेवून बसणे वेगळे.

२०१५ च्या जुलै महिन्यात चीनमधून एक बातमी आली होती आणि ती पुष्कळांच्या फोनवर अजूनही फिरत असते. तीन महिन्यांच्या एका बालकाचे छायाचित्र घरच्या स्नेह्याने अगदी जवळून, सुमारे २५ सेंटिमीटर अंतरावरून, फ्लॅश लावून काढले आणि त्यानंतर त्या बालकाच्या एका डोळ्याची दृष्टी गेली, असे त्या बातमीत म्हटले होते. ती वाचून कोणत्या मातेचे काळीज हलणार नाही? परंतु इतर देशांतील नेत्रतज्ज्ञांनी ही गोष्ट संभवनीय नसल्याचे तेव्हाच सांगितले. डोळ्यात आधीपासून असलेला दोष छायाचित्राच्या निमित्ताने प्रथम लक्षात आला असावा, हेच त्यांना अधिक पटण्यासारखे वाटले. आमच्या मराठीत कावळा बसायला आणि फांदी मोडायला म्हणतात, ते हेच.

आणि येथेच आम्ही मूळ मुद्द्यापाशी येतो.

फ्लॅशच्या छायाचित्रात माणसांचे डोळे लाल दिसतात हे सर्वांनी पाहिलेले आहे. अंधुक उजेडात बाहुली मोठी झालेली असते. फ्लॅश आणि कॅमेऱ्याचे भिंग अगदी शेजारीशेजारी असले की प्रकाश बाहुलीतून आत जातो, डोळ्याच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यावर पडतो आणि लालसर होऊन त्याच वाटेने परत येतो. हा लाल रंग हा दोष नव्हे. प्रकाशाला डोळ्याच्या तळापर्यंत जाऊन परतण्यास वाट मोकळी आहे, याची ती पावती आहे. नवजात बालकाच्या डोळ्यांत छोट्या दिव्याने उजेड टाकून डॉक्टर हीच लाली पाहतात. आमच्यासारख्या सावळ्या वर्णाच्या व काळ्याभोर डोळ्यांच्या मुलांत ती उजळ तांबडी न दिसता नारिंगी वा तपकिरी छटेची दिसते. त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. पाहावयाचे ते इतकेच, की दोन्ही डोळ्यांतील रंग एकमेकांसारखा आहे की नाही.

आता एका डोळ्यात ही लाली असून दुसऱ्या डोळ्याची बाहुली पांढरी, पिवळट किंवा मांजराच्या डोळ्यासारखी चकाकणारी दिसली तर? घरातले वडीलधारे म्हणतात, “पाहा, सांगत होतो ना, फ्लॅशने डोळा बिघडला!” तरुण म्हणतात, “छे, फोटोच बिघडला!” पहिले पुढील छायाचित्रांत फ्लॅश बंद करतात, दुसरे ते चित्र पुसून टाकतात. दोघांच्याही हातून खूण जाते. फ्लॅशने तो डोळा बिघडविलेला नसतो, त्याने बिघडलेला डोळा दाखविलेला असतो.

पांढऱ्या बाहुलीची कारणे अनेक आहेत. जन्मजात मोतीबिंदू हे एक. तो दाट असेल तर शस्त्रक्रिया पहिल्या सहा ते आठ आठवड्यांतच व्हावी लागते, कारण पाहणे हे मेंदूला शिकावे लागते. शिकण्याच्या त्या काळात डोळ्यातून स्पष्ट चित्र पोहोचले नाही, तर पुढे डोळा दुरुस्त होऊनही मेंदू त्याचा उपयोग करीत नाही. डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझेल यांनी मांजराच्या पिलांवर प्रयोग करून हे दाखवून दिले. त्यांना १९८१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरे कारण अधिक भयंकर. रेटिनोब्लास्टोमा हा दृष्टिपटलाचा कर्करोग होय. सुमारे पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका बालकास तो होतो आणि बहुधा पाच वर्षांच्या आतच उघडकीस येतो. संख्येने हा रोग विरळ आहे, परंतु ज्या घरात येतो त्या घराला विरळपणाचे समाधान काय? वेळेवर निदान झाले तर प्रगत देशांत शंभरांपैकी पंचाण्णवांहून अधिक मुले जगतात आणि लवकर सापडल्यास पुष्कळदा डोळा व दृष्टीही राखता येते. उशीर झाला तर डोळा काढावा लागतो आणि रोग डोळ्याबाहेर पसरला तर प्राणांवरही बेतते.

अमेरिकेतील टेक्सस प्रांतात बेलर विद्यापीठात ब्रायन शॉ नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक आहेत. त्यांच्या मुलाला हाच कर्करोग झाला होता. निदानानंतर त्यांनी घरातील सारी जुनी छायाचित्रे काढून एकेक तपासली, तेव्हा मूल अवघे बारा दिवसांचे असतानाच्या चित्रातही त्यांना पांढरी बाहुली आढळली. निदान मात्र कित्येक आठवड्यांनी झाले होते. त्या दुःखातून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी फोनमधील छायाचित्रे चाळून पांढरी बाहुली शोधणारी एक योजना तयार केली. २०१९ मध्ये त्यांनी चाळीस मुलांची पन्नास हजारांवर घरगुती छायाचित्रे तपासल्याचे प्रसिद्ध केले. डोळ्यांचे विकार असलेल्या वीस मुलांपैकी सोळांच्या बाबतीत ही खूण निदानापूर्वीच्या छायाचित्रांत होती आणि ती सरासरी एक वर्ष तीन-चार महिने आधीची होती! एवढा काळ ती चित्रे घरातच पडून होती. पाहणारे डोळेही प्रेमाचेच होते, फक्त काय पाहावे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

मात्र प्रत्येक पांढरी बाहुली म्हणजे कर्करोग, असे समजून कोणी हाय खाऊ नये. बाळ सरळ कॅमेऱ्याकडे न पाहता किंचित नाकाकडे वळून पाहत असेल, तर प्रकाश डोळ्याच्या तळाशी असलेल्या मज्जातंतूच्या फिकट चकतीवर पडून परततो आणि अगदी निरोगी बाहुलीही पांढरी दिसते. तेव्हा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, खोलीत उजेड मंद करून, दीड-दोन मीटरवरून, बाळ सरळ समोर पाहत असताना, फ्लॅश लावून दोन-तीन चित्रे काढावीत. फोनमध्ये डोळ्यांची लाली पुसणारी सोय असते, ती त्या वेळी आठवणीने बंद ठेवावी, कारण ती लालीबरोबर पुरावाही पुसते. पांढरेपणा पुन्हा दिसला तर वाट पाहू नये. पुन्हा दिसला नाही तरीही मूळ चित्र जपून ठेवून ‘टिपत हलाव’मधील परिचारिकेस वा मुलाच्या डॉक्टरांस दाखवावे. “मुलाचा डोळा बरा वाटत नाही” एवढेच मोघम सांगू नये. चित्र पुढे करावे आणि “या बाहुलीत पांढरे दिसते, लाल प्रतिबिंबाची तपासणी करून नेत्रवैद्याकडे पाठवा” असे स्पष्ट म्हणावे. ज्यांचे हिब्रू आजही अडखळते अशा वडील माणसांनी नातवंडास घेऊन जाताना हे चित्रच आपल्यातर्फे बोलेल असे समजावे. कुटुंबात पूर्वी कोणास लहानपणी डोळ्याचा कर्करोग झाला असल्यास तेही सांगावे. हा रोग काही घराण्यांत आनुवंशिक असतो आणि मग चित्राची वाट न पाहता भावंडांचीही तपासणी करावी लागते.

फ्लॅशच्या चित्रात आणखी एक गोष्ट पाहता येते. प्रत्येक बाहुलीवर प्रकाशाचा एक इवलासा पांढरा ठिपका उमटतो. दोन्ही डोळ्यांत तो एकाच जागी असेल तर डोळे सरळ आहेत. एकात मध्यभागी व दुसऱ्यात कडेला असेल तर तिरळेपणाची शंका घ्यावी. नाकाचा पूल बसका असल्यामुळे पुष्कळ तान्ही मुले नुसतीच तिरळी भासतात. तो भास आणि खरा तिरळेपणा यांतील भेद हा ठिपका बऱ्याच अंशी सांगून जातो.

एवढे सारे लिहिले म्हणून बाळाच्या नाकासमोर फोन धरून फ्लॅशचा मारा करावा, असे आमचे म्हणणे नाही. फ्लॅशपासून दोन मीटर असलेले बाळ अर्ध्या मीटरवर आणले की त्याच्या चेहऱ्यावर पडणारा प्रकाश चौपट नव्हे, सोळापट होतो. अशाने इजा होत नसली तरी बाळ दचकते, झोप मोडते, रडते, आणि दर दोन मिनिटांनी दचकविलेल्या मुलाला शांत कोणी करायचे? ते आईच्याच पदरी. म्हणून निदान एक-दीड मीटर दूर राहावे. धंदेवाईक छायाचित्रकारास फ्लॅश छताकडे वळविण्यास सांगावे, म्हणजे प्रकाश मऊ होऊन येतो. खिडकीशेजारचा सकाळचा उजेड तर सर्वांत उत्तम, त्यातील चित्राला जो गोडवा येतो तो फ्लॅशला कधीच साधत नाही. अपुऱ्या दिवसांच्या मुलांच्या कक्षात मात्र फ्लॅश लावूच नये. तेथे प्रश्न डोळ्यांचा नाही, त्या मुलांच्या झोपेचा व विश्रांतीचा आहे. डोळ्यांत थेंब घालून तपासणी झाली असेल त्या दिवशीही बाळाला प्रखर उजेड सोसत नाही. फ्लॅशने फेपरे येते हा समजही एकदोन चमकांच्या बाबतीत खरा नाही. जपानमध्ये १९९७ च्या डिसेंबरात एक चित्रमालिका पाहून शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले, पण तेथे पडद्यावर लाल-निळे झोत सेकंदास बारा वेळा उघडझाप करीत होते.

प्रकाशापासून डोळे जपायचे तर ते कोठे जपावेत, हे सांगून लेख पुरा करतो. एक वर्षाच्या आतील बालकाच्या डोळ्याचे भिंग अतिशय निर्मळ असते. मोठ्या माणसाच्या भिंगात अडकणारे काही अतिनील किरण त्यातून आतपर्यंत जातात. म्हणून इथल्या उन्हाळ्यात बाळाच्या गाडीला छत आणि डोक्याला रुंद काठाची टोपी हवीच. आणि लेझरची खेळणी! बोटाएवढ्या नळीतून हिरवा वा तांबडा ठिपका भिंतीवर नाचविणारी ही वस्तू थोरली भावंडे हौसेने घरी आणतात. तिचा किरण दृष्टिपटलाच्या एकाच बिंदूवर एकवटतो आणि मुलांच्या दृष्टीस त्यामुळे कायमची हानी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. पाळण्यातल्या बाळाचे मन रमविण्यासाठी कोणी ते त्याच्यासमोर चालवीत असेल, तर ते तत्काळ काढून घ्यावे. ज्या आजीबाई फ्लॅश पाहून उठतात, त्यांनी त्या वेळी अवश्य उठावे.